पंधरा कामाचे दिवस म्हणजे नेमकी कोणती तारीख? एक्सेलमध्ये सुट्ट्यांसह मुदत मोजण्याची रीत

ऑर्डरच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'पुरवठ्याची मुदत – १५ कामाचे दिवस.' ही ओळ वाचून कोणी काही विचारत नाही. माल उशिरा पोचला आणि बिलातून दंड कापला गेला की मग मात्र दोन्हीकडची माणसं बोटं मोजायला बसतात.

मी भोसरीतल्या एका लहान इंजिनिअरिंग युनिटमध्ये डिस्पॅच आणि बिलिंग बघतो. खऱ्या तारखांची एक ऑर्डर घेऊ. दिनांक २० ऑगस्ट २०२५, बुधवार. ऑर्डर देणारा मुंबईचा, पुरवठा करणारे आम्ही, मुदत १५ कामाचे दिवस. आता उत्तरं पाहा.

शनिवार-रविवार सोडून बाकी सगळे दिवस धरले तर : १० सप्टेंबर, बुधवार.
मुंबईतल्या पाच दिवसांच्या कार्यालयाच्या सुट्ट्या धरल्या तर : १२ सप्टेंबर, शुक्रवार.
मुंबईतल्या बँकेच्या हिशेबाने : पुन्हा १० सप्टेंबर, पण वेगळ्या कारणाने.
आमच्या कारखान्याच्या हिशेबाने : ९ सप्टेंबर, मंगळवार.

चारही हिशेब बरोबर आहेत. सूत्र चारही ठिकाणी जवळजवळ एकच आहे. बदलतं ते कॅलेंडर. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा सुट्ट्यांच्या यादीवर जास्त वेळ घालवणार आहे. सूत्र पाच मिनिटांत येतं, यादी मात्र वर्षभर सांभाळावी लागते.

एक सूचना आधीच : सोयीसाठी सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना तीच नावं रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाका. बरोबरच्या चिन्हानंतर पहिली तीन-चार अक्षरं टाकली की एक्सेल आणि गुगल शीट्स दोन्ही खाली नावांची यादी दाखवतात, त्यातून निवडा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हीच फंक्शनं आहेत. तिथे कधी कधी स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम द्यावा लागतो, एवढाच फरक.

आधी ठरवा : कामाचे दिवस कोणाचे?

महाराष्ट्रात किमान चार प्रकारचे आठवडे एकाच वेळी चालू असतात.

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सगळे शनिवार-रविवार बंद. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार पूर्ण दिवस काम. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, रविवारी यंत्रं चालू. आणि बऱ्याच खाजगी ऑफिसांत शनिवार अर्धा दिवस.

त्यावर सणांच्या सुट्ट्या. इथे लोक गाफील राहतात, कारण त्यांना वाटतं राज्य एक म्हणजे सुट्ट्या एक. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी आली, म्हणून राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ती सुट्टी सोमवारी, ८ सप्टेंबरला नेली. पुण्यात ५ तारीखच राहिली. आदल्या वर्षीही मुंबईत ती १६ ऐवजी १८ सप्टेंबरला गेली होती.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो? २० ऑगस्टपासून १५ दिवसांची मुदत असेल तर काहीच नाही. गणेश चतुर्थीची २७ ऑगस्ट आणि ईदची एक, अशा दोन सुट्ट्या दोन्हीकडे वजा होतात आणि १२ सप्टेंबरच येतो. पण मुदत ११ दिवसांची असती, तर मुंबईच्या कार्यालयाला शेवटचा दिवस शुक्रवार ५ सप्टेंबर आणि पुण्याच्या कार्यालयाला सोमवार ८ सप्टेंबर. एकाच राज्यात, एकाच आदेशाखाली, तीन दिवसांचं अंतर. अशी चूक दहा वेळा लपते आणि अकराव्या वेळी उघडी पडते.

तेव्हा ऑर्डर, टेंडर किंवा करार हातात आला की पहिलं काम कॉम्प्युटर उघडणं नाही. 'कामाचा दिवस' याची व्याख्या कागदात कुठे आहे का ते शोधा. नसेल तर ईमेलने विचारून घ्या. फोनवरचं 'हो हो, नेहमीसारखंच' काही कामाचं नाही.

तारीख खरोखर तारीख आहे का ते तपासा

एक्सेलला तारीख म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९०० म्हणजे १, पुढचा दिवस २, असं मोजत १ जानेवारी २०२६ म्हणजे ४६०२३. (मध्ये एक गंमत आहे : १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली. आपल्या कामात ती कधी आडवी येत नाही.) सेलमध्ये जे दिसतं ते त्या आकड्याचं नुसतं रूप. म्हणूनच तारखांची वजाबाकी होते.

गडबड होते ती बाहेरून आलेल्या तारखांची. मी एकदा ग्राहकाच्या पोर्टलवरून ऑर्डरची यादी उतरवून घेतली. माझा लॅपटॉप नवीन, प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची राहून गेलेली. यादीतल्या ०५/०९/२०२५ या तारखेला त्याने महिना आधी, दिवस नंतर असं वाचलं आणि ती ९ मे झाली. १३/०९/२०२५ वाचताना तेरावा महिना सापडेना, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून तशीच ठेवली. दिसायला दोन्ही तारखा ठीक. अर्धा कॉलम चार महिने मागे गेलेला, अर्धा कॉलम मुका. स्टोअरमधले काका म्हणाले, "साहेब, हा माल तर मे महिन्यातच जायला हवा होता म्हणतोय तुमचा कागद!" तेव्हा लक्षात आलं.

तपासायची सोपी खूण : कॉलमची सगळी अलाइनमेंट काढून टाका. खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. दोन्ही बाजूंना चिकटलेल्या तारखा एकाच कॉलममध्ये दिसल्या, तर उजवीकडच्याही विश्वासार्ह नाहीत. आकड्यात पारखायचं असेल तर

=इझनंबर(ए२)

हे खरं आलं तर तारीख आहे. पण बरोबर तारीख आहे की नाही हे ते सांगत नाही, कारण ९ मे हीसुद्धा तारीखच.

दुरुस्तीसाठी मूळ फाइल पुन्हा घ्या. आधी विंडोजची प्रदेश सेटिंग भारत करा, गुगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा. एक्सेलमध्ये त्या कॉलमला आधी 'टेक्स्ट' फॉरमॅट देऊन मजकूर पेस्ट करा, मग डेटा टॅबवर 'टेक्स्ट टू कॉलम्स' मध्ये तिसऱ्या पायरीवर तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगा. बिघडलेल्या कॉलमवरच दुरुस्ती करत बसू नका. अर्ध्या तारखा आधीच उलटलेल्या असतात आणि कोणत्या ते कळत नाही.

आणि टाइप करताना स्वतःला एक सवय लावा : 5-Sep-2025 असं महिन्याचं नाव घालून लिहा. मग कुठल्याच सेटिंगला संशय घ्यायला जागा राहत नाही. शिवाय तारखेच्या शेजारी वार दाखवणारा एक कॉलम ठेवा. =टेक्स्ट(ए२,"डीडीडीडी") असं सूत्र दिलं की वार येतो. ९ मे २०२५ समोर 'शुक्रवार' आला तरी कदाचित फसाल (५ सप्टेंबरही शुक्रवारच होता), पण बहुतेक वेळा वारच चूक पकडून देतो.

सुट्ट्यांची यादी

प्रत्येक कॅलेंडरला वेगळी शीट करा. माझ्या फाइलमध्ये 'मुंबई', 'पुणे', 'बँक' आणि 'कारखाना' अशा चार शीट आहेत. प्रत्येकीत ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये कारण, सी मध्ये आधार, म्हणजे ही सुट्टी कुठून आली : शासनाची अधिसूचना, रिझर्व्ह बँकेची यादी, की आपल्या कारखान्याच्या नोटीस बोर्डावरचा कागद. हा तिसरा कॉलम सुरुवातीला फालतू वाटतो. दीड वर्षाने 'ही ६ सप्टेंबर इथे कोणी टाकली?' असा प्रश्न येतो तेव्हा कळतं.

सगळ्या सुट्ट्या एकाच शीटमध्ये ठेवून फिल्टर लावणारी सूत्रंही लिहिता येतात. मी ती वापरून पाहिली आणि सोडून दिली. माझ्या रजेच्या दिवशी ती फाइल दुसऱ्या कोणाला तरी चालवावी लागते.

यादी भरताना चार गोष्टी :

रविवारी आलेली सुट्टीही यादीत टाका. २०२५ मध्ये २६ जानेवारी, रामनवमी (६ एप्रिल) आणि मोहरम (६ जुलै) तिन्ही रविवारी आले. सूत्र त्या दोनदा वजा करत नाही, कारण साप्ताहिक सुट्टीला पडलेली सुट्टी ते आधीच सोडून देतं. हाताने हिशेब करणारे मात्र आधी रविवार वजा करतात आणि मग सुट्ट्या वजा करतात, आणि इथेच त्यांचा एक दिवस जास्त जातो. गुरुवारी बंद असलेल्या कारखान्याला तर ती रविवारची सुट्टी खरोखर वजा व्हायला हवी.

एका तारखेला एकच ओळ. २ ऑक्टोबर २०२५ ला गांधी जयंती आणि दसरा एकत्र आले. कारणाच्या रकान्यात दोन्ही लिहा, तारीख एकदाच.

तारखेच्या कॉलममध्ये 'नंतर कळवू' असलं काही लिहू नका. एक्सेलमध्ये सुट्ट्यांच्या रकान्यात एक जरी मजकुराचा सेल आला, तर त्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रं 'व्हॅल्यू' अशी चूक दाखवून बसतात. रिकामा सेल चालतो, म्हणून रेंज थोडी लांब, साठ ओळींची ठेवायला हरकत नाही.

चौथी गोष्ट, अचानक येणाऱ्या सुट्ट्या. लता मंगेशकर यांचं निधन ६ फेब्रुवारी २०२२ ला झालं आणि ७ फेब्रुवारीला राज्याने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. २२ जानेवारी २०२४ ची सुट्टी अशीच ऐनवेळी आली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. यांपैकी एकही वर्षाच्या सुरुवातीच्या यादीत नव्हती. म्हणून यादी डिसेंबरात भरून झाली असं समजू नका. मी कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी 'सुट्ट्या तपास' अशी आठवण लावली आहे.

आता सूत्रं

दोन प्रश्न असतात आणि दोन फंक्शनं. 'अमुक दिवसांनी कोणती तारीख?' याला वर्कडे. 'या दोन तारखांमध्ये किती कामाचे दिवस?' याला नेटवर्कडेज. दोन्ही शनिवार-रविवार सुट्टी गृहीत धरतात. तसं नसेल तर त्यांची 'आयएनटीएल' शेपटीची भावंडं वापरायची. ती एक्सेल २०१० पासून आहेत.

ए२ मध्ये ऑर्डरची तारीख असेल, तर मुंबईच्या कार्यालयासाठी :

=वर्कडे(ए२, १५, 'मुंबई'!$ए$२:$ए$६०)

आमच्या कारखान्यासाठी :

=वर्कडे.आयएनटीएल(ए२, १५, १५, 'कारखाना'!$ए$२:$ए$६०)

यात पहिला १५ म्हणजे दिवस आणि दुसरा १५ म्हणजे 'फक्त गुरुवार सुट्टी' याचा संकेतांक. योगायोगाने दोन्ही सारखे आले आणि माझ्या एका सहकाऱ्याने मुदत २० दिवस झाल्यावर दोन्ही बदलले. संकेतांक असे : १ म्हणजे शनिवार-रविवार, ११ म्हणजे फक्त रविवार, १२ फक्त सोमवार, आणि तसंच पुढे १७ म्हणजे फक्त शनिवार.

हे आकडे लक्षात राहत नसतील तर सात अंकांची पट्टी द्या. सोमवारपासून सुरुवात, १ म्हणजे बंद, ० म्हणजे चालू. गुरुवार बंद म्हणजे "०००१०००". मला हेच आवडतं. वाचताना डोळ्याला दिसतं. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर पुढची शून्यं गळून पडतात.

डॉलरची चिन्हंही विसरू नका. ती नसतील आणि सूत्र खाली ओढलं, तर सुट्ट्यांची रेंजही एकेक ओळ खाली सरकते. पहिल्या ओळीला २६ जानेवारी सुट्टी, विसाव्या ओळीला ती रेंजमध्येच नाही. चूक झाल्याचा इशारा कुठेही येत नाही. रेंज निवडल्यावर एफ४ कळ दाबली की डॉलर आपोआप बसतात.

मोजदाद करताना एक फरक डोक्यात पक्का ठेवा. वर्कडे सुरुवातीचा दिवस धरत नाही : सोमवार अधिक १ म्हणजे मंगळवार. नेटवर्कडेज मात्र दोन्ही टोकं धरतं : सोमवार ते मंगळवार म्हणजे २. म्हणून वर्कडेने काढलेलं उत्तर नेटवर्कडेजने पडताळलं की १५ ऐवजी १६ येतात आणि माणूस घाबरतो. काही चुकलेलं नाही; सुरुवातीची तारीख कामाचा दिवस असेल तर एक वजा करा.

सी२ मध्ये मुदतीची तारीख असेल, तर 'किती दिवस उरले' हा कॉलम लोक नेटवर्कडेज(टुडे(), सी२) उणे १ असा लिहितात. मुदत उलटली की हे बिघडतं. काल मुदत होती, आज एक दिवस उशीर. पण नेटवर्कडेज दोन्ही टोकं धरून उणे २ देतं आणि त्यातून आणखी १ गेला की तीन दिवस उशीर दिसतो. म्हणून दोन बाजू वेगळ्या लिहा :

=इफ(टुडे()>सी२, -नेटवर्कडेज(सी२+१, टुडे(), 'मुंबई'!$ए$२:$ए$६०), नेटवर्कडेज(टुडे(), सी२, 'मुंबई'!$ए$२:$ए$६०))

याचं उत्तर 'आजचा दिवस धरून इतके उरले' असं वाचायचं.

दुसरा आणि चौथा शनिवार

बँकेच्या आठवड्यासाठी कुठलाही संकेतांक नाही, कारण ती सुट्टी दर आठवड्याला येतच नाही. यावर मी पाहिलेला सगळ्यात सरळ उपाय : साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार (११) धरा आणि वर्षाचे चोवीस शनिवार सुट्ट्यांच्या यादीतच टाका. ते हाताने शोधायचे नाहीत. एका कॉलममध्ये प्रत्येक महिन्याची १ तारीख लिहा; पहिली हाताने, पुढच्या =ईडेट(एफ२,१) ने. शेजारी :

दुसरा शनिवार : =एफ२+१४-वीकडे(एफ२)
चौथा शनिवार : =एफ२+२८-वीकडे(एफ२)

वीकडे रविवारला १ आणि शनिवारला ७ देतं, म्हणून हे जमतं. ऑगस्ट २०२५ ची १ तारीख शुक्रवार, म्हणजे ६. एक अधिक चौदा उणे सहा म्हणजे ९ तारीख. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहा, ९ ऑगस्ट दुसरा शनिवार आहे. ही उत्तरं कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून बँकेच्या शीटमध्ये पेस्ट करा.

आता सुरुवातीचं बँकेचं उत्तर समजेल. २७ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर हे दोन दिवस गेले, पण ३० ऑगस्टचा पाचवा शनिवार आणि ६ सप्टेंबरचा पहिला शनिवार कामाचे होते. दोन गेले, दोन आले, उत्तर पुन्हा १० सप्टेंबर. नुसतं शनिवार-रविवार सोडणारं साधं सूत्र योगायोगाने खरं ठरलं. अशा योगायोगांमुळेच चुकीच्या शीट वर्षानुवर्षं चालतात.

एक अवांतर : पैसे पाठवण्यासाठी बँकेचा कामाचा दिवस आता पूर्वीइतका महत्त्वाचा नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सगळे दिवस चालतात. हप्ते कापणारी नॅच यंत्रणाही १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी चालते, त्यामुळे 'रविवार आहे, हप्ता उद्या जाईल' या भरवशावर खातं रिकामं ठेवू नका. शाखेत जाऊन करायच्या कामांना मात्र हे कॅलेंडर लागतंच.

अर्ध्या शनिवारचं ऑफिस असेल तर पट्टीचा उलटा उपयोग करा. फक्त शनिवार चालू, बाकी सगळे बंद, अशी पट्टी "१११११०१". त्यातून कामाचे शनिवार मोजता येतात :

=नेटवर्कडेज.आयएनटीएल(ए२,बी२,११,सुट्ट्या) - ०.५*नेटवर्कडेज.आयएनटीएल(ए२,बी२,"१११११०१",सुट्ट्या)

(इथे 'सुट्ट्या' म्हणजे तुमची रेंज.) तपासून पाहायला ऑगस्ट २०२५ घ्या, १५ आणि २७ तारखेच्या सुट्ट्या टाका. अर्ध्या शनिवारच्या ऑफिसला २१.५ दिवस यायला हवेत, शनिवार-रविवार बंद ठेवणाऱ्याला १९, आणि गुरुवारच्या सुट्टीच्या कारखान्याला २५. हे तीन आकडे आले की तुमची फाइल बरीचशी सरळ आहे.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर

कागदात नुसतं '३० दिवस' लिहिलं असेल तर ते कामाचे दिवस नव्हेत, सलग दिवस. माहिती अधिकाराचे ३० दिवस, चेक न वटल्यावर नोटीस पाठवायचे ३० दिवस आणि नोटिशीनंतरचे पैसे भरायचे १५ दिवस, लघुउद्योगांची देणी चुकवायची कमाल ४५ दिवसांची मर्यादा : या सगळ्यांत रविवार मोजले जातात. तिथे वर्कडे वापरलं तर मुदत फुगते आणि घात होतो. साधी बेरीज करा : =ए२+३०.

मग शेवटचा दिवस सुट्टीला आला तर? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १० चा साधा अर्थ असा, की शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कार्यालय बंद असेल, तर ते उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम वेळेत धरलं जातं. पण १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ मध्ये उलटं आहे : हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीला भरत असेल तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय. एक पुढे सरकतं, दुसरं मागे.

दोन्हींना एकेक छोटी युक्ती आहे. डी२ मध्ये तारीख असेल तर

पुढे सरकवायला : =वर्कडे(डी२-१, १, सुट्ट्या)
मागे सरकवायला : =वर्कडे(डी२+१, -१, सुट्ट्या)

एक दिवस मागे जाऊन एक कामाचा दिवस पुढे. डी२ स्वतःच कामाचा दिवस असेल तर तोच परत मिळतो, नसेल तर पुढचा. मला विचाराल तर या अख्ख्या लेखातलं सगळ्यात उपयोगी सूत्र हे.

हीच युक्ती सुरुवातीच्या दिवसालाही लागते. ऑर्डर रविवारी ईमेलने आली, तर वर्कडे सोमवारला पहिला दिवस धरतं. करारात 'सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ५ नंतर आलेली ऑर्डर पुढच्या कामाच्या दिवशी मिळाली असं समजावं' अशी ओळ असेल, तर ऑर्डर सोमवारी मिळाली आणि पहिला दिवस मंगळवार. तेव्हा आधी मिळाल्याची तारीख सरळ करून घ्या, पाचनंतर आली असेल तर एक दिवस वाढवून, आणि मग त्यावर १५ मोजा. दोन कॉलम लागले तरी चालतील. एकाच सूत्रात सगळं कोंबलं की भांडणाच्या वेळी समोरच्याला समजावता येत नाही.

यादी संपल्याचा इशारा

सुट्ट्यांची यादी डिसेंबर २०२५ पर्यंत भरली आहे आणि कोणी नोव्हेंबरात ६० कामाचे दिवस मोजले, तर उत्तर फेब्रुवारीत जातं. २६ जानेवारी तेव्हा यादीत नसते, सूत्र तिला कामाचा दिवस धरून निवांत तारीख सांगून मोकळं होतं. म्हणून प्रत्येक शीटच्या ई१ सेलमध्ये 'यादी कुठपर्यंत' ही तारीख ठेवा आणि उत्तर तिच्यापुढे गेलं की थांबवा :

=इफ(सी२>'मुंबई'!$ई$१, "यादी वाढवा", सी२)

शेवटच्या सुट्टीची तारीख घेऊन हे करू नका, नाहीतर २६ ते ३१ डिसेंबरची उत्तरं विनाकारण अडतात.

पायथन वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द

नमपायमध्ये बझडे_काउंट आणि बझडे_ऑफसेट आहेत. एक्सेलवरून येणाऱ्यांना तिथे तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, आठवड्याची पट्टी उलटी : तिथे १ म्हणजे काम, ० म्हणजे सुट्टी. गुरुवार बंद म्हणजे '१११०१११'. दुसरी, बझडे_काउंट पहिला दिवस धरतं, शेवटचा धरत नाही. तिसरी, बझडे_ऑफसेटला सुरुवातीची तारीख सुट्टीची दिली आणि काही सांगितलं नाही, तर ते चूक दाखवून थांबतं. 'फॉरवर्ड' सांगितलं तर आधी सोमवारवर जाऊन मग मोजतं, म्हणजे उत्तर एक्सेलच्या वर्कडेपेक्षा एक दिवस पुढे. एक्सेलशी जुळवायचं असेल तर 'बॅकवर्ड'. ऑनलाइन कॅल्क्युलेटरही भरपूर आहेत. अंदाजाला ठीक, पण तुमच्या कारखान्याची अनंत चतुर्दशी त्यांना कुठून माहीत असणार?

कागदावर काय लिहायचं

तारीख काढून झाली की ती एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने टिंबं देत मोजा. आमच्या स्टोअरमधले काका अजून तसंच करतात आणि नवीन फाइल केली की मी ती आधी त्यांच्याकडून पडताळून घेतो. २० ऑगस्टच्या त्या ऑर्डरला त्यांनी २१, २८ आणि ४ तारखेचे गुरुवार खोडले, २७ ला गणपती आणि ६ ला विसर्जन म्हणून फुली मारली, आणि बोट ९ सप्टेंबरवर थांबलं.

मग ऑर्डर मिळाल्याच्या पोचपावतीत दिवसांचा आकडा एकटा सोडू नका. आमच्या ईमेलमध्ये आता ही ओळ जाते : 'आपली ऑर्डर बुधवार, २० ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली. आमच्या कारखान्याच्या सुट्ट्यांनुसार (दर गुरुवारी, तसेच २७ ऑगस्ट व ६ सप्टेंबर रोजी बंद) १५ कामाचे दिवस मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण होतात. आपला हिशेब वेगळा असल्यास दोन दिवसांत कळवावे.' त्या 'दोन दिवसांत' वर एका ग्राहकाने उलट विचारलं होतं, कोणते दोन दिवस? तेव्हापासून तिथेही तारीखच घालतो.